लंडनचं सूप

गंधाली परब परदेशी मालिकांची परीक्षणं लिहिते म्हटल्यावर घाटकोपरच्या त्यांच्या इमारतीतल्या बायका विचारायच्या, "टीव्ही बघणं हे पण काम असतं?" असतं. आणि तिच्या लिखाणात काना-मात्रा बदलायची हिंमत वेबसाइटच्या संपादकालाही नव्हती. "अभिनय कसदार" असलं गुळगुळीत लिहिणाऱ्यांची ती यथेच्छ टर उडवायची.

त्या आठवड्यात लंडनच्या एका वस्तीवरची गुन्हेगारी मालिका तिच्या वाट्याला आली. तिकडचे समीक्षक मालिकेतल्या चाकू-सुऱ्यांवर रकाने भरत होते. गंधालीला घाम फुटला तो पहिल्याच भागात, जिथे साधा चाकूही निघत नाही. टोळीचा म्होरक्या एका आजारी बाईच्या घरी सूप घेऊन येतो, तिची उशी सारखी करतो, औषधं वेळेवर घ्या म्हणतो. जाताना तिच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो. बस्स, तेवढ्यावर मुलगा त्याचा झाला.

त्यांच्या विभागातले वजनदार पुढारी प्रकाशभाऊ गंधालीच्या घरी असेच आले होते. बाबांना डायलिसिससाठी कुठेच जागा मिळेना, तेव्हा भाऊंनी एक फोन फिरवला आणि मंगळवार-शुक्रवार पक्का झाला. महिन्याभरात तिचा धाकटा भाऊ नितेश त्यांच्याबरोबर फिरू लागला. पुनर्विकासाला सही न देणाऱ्यांच्या दारात नुसतं उभं राहायचं, असं तो सांगायचा. त्याची सुजलेली बोटं घरात कुणी पाहिली नाहीत, म्हणजे सगळ्यांनी पाहिली.

तिने एका बैठकीत परीक्षण लिहून काढलं: "ही मालिका सुऱ्यांची नाही, उपकारांची आहे. 'हा मुलगा पळून का जात नाही?' असं विचारणाऱ्या समीक्षकांच्या घरी बहुधा कधी कुणी सूप घेऊन आलेलं नाही." इतकं खरं आपण आजवर लिहिलं नव्हतं, हे तिचं तिला कळलं. सवयीप्रमाणे तिने ते आईला वाचून दाखवलं.

विमलाबाई कणकेचे हात तसेच धरून ऐकत राहिल्या. "गो बाये, ह्यां छापू नको. भाऊंका कळतला. शुक्रवारी ह्येंका डायलिसिसाक खंय नेतलंस?"

"आई, लंडनची गोष्ट आहे गं ती!"

"मगे माका कशी कळली?"

गंधालीने सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं: "अभिनय कसदार, छायाचित्रण देखणं. मुलगा पळून का जात नाही, हे मात्र पटत नाही. तीन तारे." पाठवताना तिला स्वतःची शिसारी आली. आत बाबा खोकले, तेव्हा तीही गिळावी लागली.

सोमवारी नितेश खुशीत घरी आला. "ताई, भाऊंनी वाचलं तुझं. झकास लिहिते म्हणाले. यंदा गणपती मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचं चरित्र छापायचंय, अगदी बालपणापासून. तूच लिहायचंस."

"मला वेळ नाही रे."

नितेशचं हसू मावळलं. बाबांच्या पलंगाकडे बघत तो हळू आवाजात म्हणाला, "मी पण पहिल्यांदा हेच बोललेलो, ताई. चल, खाली गाडी उभी आहे."

गंधालीने चपला पायात सरकवल्या.