बव्हेरियाचा ड्यूक आणि आमचा कुलवृत्तांत

जर्मन राजघराण्यांच्या सोयरिकी मी वर्गात रंगवून सांगतो. हल्ली पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांचा डोळा खराडीतल्या आयटीच्या नोकरीवर असतो, तरी वर्षातून एकदा मी व्याकरण बाजूला ठेवतो आणि पंधराव्या शतकातल्या बव्हेरियाच्या ड्यूकची गोष्ट काढतो. त्याच्या मुलाने, म्हणतात, एका न्हाव्याच्या मुलीशी गुपचूप लग्न केलं. मुलगा शिकारीला गेलेला पाहून ड्यूकने सुनेला डॅन्यूबमध्ये बुडवलं. वर्षभरात मुलाचं तोलामोलाच्या घराण्यात लग्न झालं, आणि ड्यूकने बुडवलेल्या सुनेसाठी चॅपेलही बांधलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ताईला सांगितली होती, शिकत असताना. पुढे तिने पुण्याच्या लष्कर भागातल्या एका मुसलमान घड्याळजींशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

चारेक वर्षांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघायचा ठरला. ‘याला परक्या राजांच्या वंशावळी पाठ, घरची जमेलच,’ म्हणत वडीलधाऱ्यांनी संपादन माझ्या गळ्यात घातलं. घरोघरी छापील फॉर्म गेले. आमचा फॉर्म वडिलांनी स्वतः भरला. ताईच्या रकान्यात त्यांनी जावयाचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि खाली, ‘चि.’ लावून, कधी न पाहिलेल्या नातीचं.

त्याच महिन्यात माझं लग्न जमत होतं. मुलीकडचे खानदान पाहणारे. जर्मनीत काही धर्मपीठांत प्रवेश हवा तर सोळाच्या सोळा खापरपणजे-पणज्या उमराव असल्याचा पुरावा लागे; मला एक बहीण जड झाली. प्रुफावर ती दोन्ही नावं मी खोडली आणि ‘अविवाहित’ लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं.

ग्रंथ आला तोवर माझं लग्न होऊन गेलं होतं. वडिलांनी आमचं पान उघडलं, बराच वेळ पाहिलं, चष्मा काढला.

“छपाई बरी आहे,” म्हणाले.

ताईने फोन केला. “बाबांनी पुसलं ना मला?”

“त्यांच्यापुढे कोणाचं चालतं?” मी म्हणालो.

वाक्य बेतून केलेलं होतं. खोटं म्हणून कोणी पकडू शकलं नसतं. वडील आजारी पडले तेव्हा ती आली नाही. ते दारातली प्रत्येक चाहूल ऐकत होते, हे मी पाहत होतो. तरी ते जाईपर्यंत बोललो नाही.

यंदा दुसऱ्या आवृत्तीचं निघालं. मी जुना फॉर्म फायलीतून काढला आणि विश्रांतवाडीला ताईकडे गेलो. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. “अहो, आधी चहा घ्या. बोलायचं ते मग बोला,” ते म्हणाले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चहा निवला.

ताईने फॉर्म उजेडात धरला. बोट एका जागी थांबलं.

“चि. लिहिलंय,” ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आणि तू आता चॅपेल बांधायला आलास?”

“दुरुस्ती करायला.”

“नावं घालशील रे, त्यात काय मोठंसं! खोडली कोणी तेही लिही. बाबांवर राहायला नको.”

“लिहीन.”

“आणि हा फॉर्म इथेच राहील. तुझ्या फायलीत बावीस वर्षं राहिला तेवढा पुरे.”

कुलवृत्तांताच्या समितीत मी संपादकीयाचा मसुदा ठेवला: वडिलांनी माहिती पूर्ण दिली होती, ती मी, संपादकाने, माझ्या लग्नासाठी खोडली. एक काका म्हणाले, “अरे, मुद्रणदोष म्हण की. लोक काय पानं उलटून बघतात?”

“ताई बघते,” मी म्हणालो.

मसुद्यातला शब्दही बदलला नाही. प्रुफं मी ताईकडे नेऊन दिली तेव्हा तिने पेन मागून घेतलं. ‘संपादकाने’च्या पुढे कंसात ‘धाकट्या भावाने’ एवढंच घातलं आणि मला दाराशी उभं ठेवूनच पान परत दिलं. तसंच छापलं आहे.