पिंपभर गंज

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तिला सगळे आधीबाई म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पाहुणा दारात यायच्या आत हिचा चहा उकळून गारही झालेला असायचा. धाकटी बहीण विचारायची, "ताई, जन्माला तरी वेळेवर आलीस ना गं?"

सध्याचा सगळा आटापिटा त्या धाकटीपायीच चालला होता. तिच्या गल्लीतल्या विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. हे विष दिसत नाही, वासही येत नाही. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन धाकटीच्या तळहातांवर खरबरीत गाठी उठल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी बंद करायला सांगितलं, तेव्हापासून बिचारी लांबून कळशा वाहत होती.

मग केंद्रानं विहिरीशेजारीच टाकी बसवली आणि ती चालवायचं काम आधीबाईंनी मागून घेतलं. उपाय मोठा गमतीचा होता. पाण्यात लोखंडाचा क्षार विरघळवायचा, थोडा चुना घालायचा. गंजाच्या रंगाचे कण धरतात, तळाशी बसतात, आणि जे आर्सेनिक एकटं कधीच खाली बसलं नसतं त्यालाही सोबत ओढून नेतात. वरचं पाणी वाळूतून गाळलं की झालं.

पण आधी करून ठेवल्याशिवाय हिला चैन कुठली? टाकी सुरू करायच्या आदल्या दिवशीच तिनं वेगळ्या पाण्यात क्षार आणि चुना घालून पिंपभर गंज तयार केला आणि सकाळी टाकीत ओतला. पाणी छान नितळलं. तपासणीची वाट कोण बघतंय? तिनं धाकटीला सांगून टाकलं, "कळशा बंद कर, पाणी चांगलं झालं."

दुपारी केंद्राच्या तपासणीत पाणी नापास झालं. आधीबाई धावतच गेल्या आणि धाकटीच्या ओठाशी गेलेला तांब्या काढून घेतला. "चुकले गं," त्या म्हणाल्या. धाकटीनं पुन्हा कळशी उचलली आणि ती निघाली. ते आधीबाईंना फार लागलं.

"गंज कधी बनवला होतात?" केंद्रात पाणी तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं.

"कालच. आधीच."

"तिथंच घोळ झाला. तयार कणाला फक्त बाहेरून काही चिकटतं. कण त्याच पाण्यात जन्मला, तर वाढता वाढता आर्सेनिकला अंगात घेतो. याला सहअवक्षेपण म्हणतात."

"म्हणजे मीठ पीठ मळतानाच घालायचं, मागाहून वर भुरभुरवायचं नाही."

"अगदी तसंच."

आता आधीबाईंना गप्प बसवेना. हे आणखी कुठं चालतं? मॅडम म्हणाल्या, मोबाईलच्या बॅटरीची पूडही अशीच करतात. दोन-तीन धातू एकदमच खाली बसवले की कणाकणात सारखे मिसळतात. "पण कधी कधी नको तेही चिकटून येतं. शुद्ध पदार्थ काढायला जावं, तर घाणही बरोबर हजर. मग आम्ही बसतो डोक्याला हात लावून."

आधीबाईंनी दोन बरण्यांत विहिरीचं पाणी घेतलं. एकीत जुना गंज घातला, दुसरीत क्षार आणि चुना. दुसरीतलं पाणी आधी पिवळसर झालं, मग त्यात बारीक कण दिसू लागले, ते एकमेकांना धरून मोठे झाले आणि सावकाश खाली उतरले. काचेला नाक लावून त्या बघत राहिल्या. शेवटी दोन्ही बरण्या सारख्याच नितळ दिसत होत्या, आणि पास झाली ती दुसरी.

तरी त्या धावत सुटल्या नाहीत. टाकीचं पाणी नव्या रीतीनं शुद्ध केलं, तपासून घेतलं, पुन्हा एकदा तपासून घेतलं, आणि मगच पेला भरून धाकटीच्या दारात गेल्या.

"आज उशीर केलास," धाकटी म्हणाली.

"मुद्दाम केला."

धाकटीनं गाठी आलेला हात पुढं केला. आधीबाईंनी पेला लगेच दिला नाही. अर्धं पाणी स्वतः प्यायल्या आणि मग तिच्या हातात ठेवला.

"एवढं एक तरी आधी करू दे," त्या म्हणाल्या.