खाचेचे काठ

बाळांनो, तुमचा मामा कारखान्यातल्या संगणकावर चालणाऱ्या मशीनचं कौतुक सांगू लागला की मी चष्मा पुसून जवळ जाते. माझी हयात गणित शिकवण्यात गेली. उत्तर फार सहज आलं की मला कॉपीचा संशय येतो.

मिरकरवाडा बंदरातले एक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, गिअरची झिजलेली पट्टी घेऊन, तशीच नवी करून घ्यायला मामाकडे आले होते. कमानीसारख्या या पट्टीला तीन खाचा असतात: पुढे, मागे आणि मध्ये न्यूट्रल. न्यूट्रलमधून गिअरचा दांडा घसरला तर धक्क्याला उभी बोट आपोआप पुढे जाते, आणि तिथे माणसं मासळी उतरवत असतात.

मशीनच्या लेखी कमान म्हणजे शेकडो बारीक सरळ रेषा. प्रत्येक जोडावर कटर अडखळत होता. मामाने संगणकात एक आकडा वाढवला, आणि कटरचा मार्ग सलग झाला. पट्टी आरशासारखी निघाली, वेळही कमी लागला.

"रेषेवरून न जाता जवळून जायची सूट दिलीस ना त्याला?" मी विचारलं. "मग खाचांचे काठही तो गोल करणार."

"आई, तू शाळा सोडलीस, पण शाळेने तुला सोडलं नाही."

मी जुनी पट्टी कागदावर गिरवली आणि वर नवी ठेवली. काठांशी केसभर फरक होता. मामा म्हणाला, जुनी झिजलेलीच आहे, तिच्याशी काय ताडून बघतेस? मग दांडा बसवून आम्ही हाताने ओढून पाहिला. सुटला नाही.

तांडेल आले आणि आम्हाला दांडा ओढताना बघून हसले. "बाई, हातानं काय बघता? आमचे हात सुकाणूवर. गिअर आम्ही पायानं मारतो."

त्यांनी चप्पल काढली, टाचेने दांडा न्यूट्रलमध्ये ढकलला आणि पाय काढताना टाच नुसती घासली. दांडा काठावरून घसरून पुढच्या खाचेत गेला.

"भाऊ, काठाला लोणी लावलंत काय?"

मामाने सूट कमानीपुरती ठेवली, खाचांपुरती काढून टाकली. दुसरी पट्टी कापताना मशीन प्रत्येक काठाशी ठेचकाळत होतं. तांडेलांनी तिच्यावर पुन्हा पुन्हा टाच घासली. दांडा हलला नाही. ते पट्टी घेऊन गेले.

पहिली पट्टी मामाने पुसून फळीवर ठेवली.

"तिचे दोन तुकडे कर," मी म्हटलं.

"मी ती कुणाला देईन असं वाटतं तुला?"

"तू नाही. पण इतकी चकचकीत वस्तू फळीवर दिसली तर कुणीतरी उचलेल."

त्याने करवत लावली. तुकडे पडेपर्यंत मी तिथेच उभी होते.