नेटिव्ह कोणतं?

आमच्या ऑफिसात किस्से शोधायला लागत नाहीत. दोन प्रोग्रामर, एक शेठ आणि एक क्लायंट समोरासमोर बसवले की संध्याकाळपर्यंत एखादा तयार होतोच. मी तिथे टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार घेते, तरी रोज नव्याने हादरते!

यंदाचे सगळे किस्से एकाच भांडणातले. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलला, म्हणजे कापड रंगवणाऱ्या गिरणीला, मोबाइल ॲप हवं होतं. कामगारांकडे अँड्रॉइड, मालकांकडे आयफोन. म्हणून एकदाच लिहायचं आणि दोन्हीकडे चालवायचं, म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्म करायचं, असं ठरत होतं. पण लिहायचं कोणत्या फ्रेमवर्कमध्ये? आमच्या दोन प्रोग्रामरपैकी योगेश म्हणे फ्लटर. प्रीती म्हणे रिॲक्ट नेटिव्ह.

नुसतं भांडण असतं तर मजा बघत बसले असते. पण या दोघांना लग्न करायचं होतं! आणि प्रीतीने सरळ सांगून टाकलं, "जो फ्रेमवर्कमध्ये माझं ऐकत नाही, तो लग्नानंतर काय ऐकणार? आधी हे मिटू दे, मगच घरी विषय काढीन." योगेशचा चेहरा उतरला. पण फ्लटर काही सुटेना!

*

पहिली मीटिंग. आमचे शेठ हितेशभाई आणि मिलचे मालक मनसुखभाई. हितेशभाईंनी अगदी मुळापासून सुरुवात केली, "पहेलां ए कहो, तमारे नेटिव्ह जोईए छे?" म्हणजे प्रत्येक फोनसाठी वेगळं ॲप हवं का, असं त्यांना विचारायचं होतं.

पण सुरतेत अर्धं गाव बाहेरून आलेलं. इथे नेटिव्ह म्हणजे मूळ गाव!

"नेटिव्ह तो अमरेली," मनसुखभाई म्हणाले. मग ॲप गावीच पाठवतील की काय, म्हणून जरा घाबरून, "पण ॲप त्यां नथी जोईतुं हं, अहीं ज जोईए!"

*

घरी वडिलांना, आप्पांना, आमच्या अहिराणीत आनंदाने सांगितलं, "आप्पा, क्रॉस-प्लॅटफॉर्मनं काम भेटनं!"

आप्पा रेल्वेतून रिटायर झालेले. हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"येडी व्हयनी का? उधना स्टेशनले पूल शे ना! रूळ वलांडीसन कोनी प्लॅटफॉर्म क्रॉस करस का?"

जन्मभर रूळ ओलांडणाऱ्यांवर ओरडलेला माणूस, आणि पोटची पोरगी त्याच कामाचा पगार घेणार!

*

मग डेमो. योगेशने एकच स्क्रीन दोन फोनवर चालवून दाखवला. मनसुखभाईंनी दोन्ही फोन उचलले, ट्यूबलाइटखाली धरले, मग खिडकीपाशी नेऊन उन्हात धरले. मीही मागून डोकावले. म्हटलं, काय चूक सापडली यांना, जी मला सापडली नाही?

"शेड मॅच नथी थतो!" ते ओरडले. "लॉट बदलाई गयो! फरी डाईमां नाखो!" म्हणजे ॲप पुन्हा रंगात बुडवा!

मरून रंगाचं बटण एका फोनवर जरा गडद दिसत होतं, इतकंच. फोनचे स्क्रीनच वेगळे असतात, हे प्रीतीने तीन भाषांत समजावलं. पण त्यांनी दोन्ही फोन रिजेक्ट माल परत करावा तसे तिच्यासमोर सरकवले. कहर म्हणजे योगेश खरंच दिवसभर बटणाचा रंग बदलत बसला!

*

शेवटी हितेशभाई वैतागले. दोन्ही फ्रेमवर्कचे लोगो मोठ्या टीव्हीवर लावले आणि मनसुखभाईंनाच म्हणाले, तुम्हीच ठरवा!

"बेउ ब्लू ज छे!" मनसुखभाईंना दोन्ही निळेच दिसले. "झघडो शेनो छे?"

मग चष्मा चढवला. फ्लटरकडे बोट केलं, "आ स्काय." रिॲक्ट नेटिव्हकडे बोट केलं, "आ फिरोजी." जरा विचार केला. "आ सीझनमां फिरोजी नथी चालतो."

झालं, फ्लटर जिंकलं! इतके दिवस डोकेफोड, तक्ते, अबोला, आणि निकाल साडीच्या रंगावर! प्रीती लालबुंद. सगळे योगेशकडे बघायला लागले, आणि त्याला पहिल्यांदा अक्कल सुचली.

"प्रीती, तू म्हणशील तर मी त्यांना पटवतो. नेटिव्हच घेऊ."

प्रीती त्याच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "राहू दे. फ्लटरच घे. आयफोनची बाजू मी सांभाळते. पण आता आमच्या घरी येऊन अण्णांशी तू बोलायचं."

*

रविवारी बमरोलीला प्रीतीच्या घरी गेलो. धीर द्यायला मीही सोबत होते, पण मलाच धीर नव्हता. तिचे वडील, अण्णा, जन्मभर लूमवर काम केलेले. बोलणं एक घाव दोन तुकडे. योगेशला समोर बसवलं, पाणी दिलं आणि सुरतेत कोणीही कोणालाही विचारतं तेच विचारलं.

"नेटिव्ह कोनतं तुमनं?"

योगेश खुर्चीतून अर्धा उठला. ऑफिसात इतके दिवस नेटिव्हवरून हाणामारी. त्याला वाटलं, प्रीतीने घरी सगळं सांगितलेलं दिसतंय!

"नेटिव्ह नाही, अण्णा! नेटिव्ह सोडलं! मी एकातच दोन्ही सांभाळतो. इकडेही चालतं, तिकडेही चालतं, आणि कोणाला पत्ताही लागत नाही!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद पडला. मी भिंतीकडे बघायला लागले. अण्णा सावकाश उठून उभे राहिले.

"प्रीती! दुसरी कोन शे?"

प्रीती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. ट्रे जराही हलला नाही.

"दुसरीलेबी मीच सांभाळी लिसू, अण्णा!"