गाण्यातली आई

एक गाणं ऐकून मी लंडनच्या हॅरोहून थेट ग्लासगोला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, हे तिथे पोचल्यावर कळलं.

आमची सई त्या वर्षी ग्लासगोला युनिव्हर्सिटीत गेली आणि घर एकदम नीटनेटकं झालं. (पसाऱ्याची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.) फोनवर ती दोन वाक्यांत आटपायची. एकदा मात्र पोस्टानं सीडी आली, पाठोपाठ फोन.

"आई, तो गाणी ऐक. अमेरिकन सिंगर आहे, पॉप रॉक. माझी फेव्हरेट."

तिच्या व्याकरणाकडे काणाडोळा करून मी सीडी लावली. ड्रम्स, गिटार, नुसता दणदणाट. निम्मे शब्द इंग्रजी, उरलेले अगम्य. पण मधूनमधून ती गायिका जीव तोडून हाक मारत होती, "आई... आई..."

मी धावत नवऱ्याकडे गेले.

"अहो, सईला माझी आठवण येतेय. तोंडानं सांगवत नाही, म्हणून गाणं पाठवलंय."

"अमेरिकन बाई मराठीत कशाला रडेल?" पेपरातून डोकं न काढता नवरा म्हणाला.

"दुःखात सगळ्यांना आईच आठवते." (मी एमएस्सी आहे.)

शनिवारी पहाटेच पुरणपोळ्यांचा डबा घेऊन मी ट्रेनमध्ये बसले. सईनं दार उघडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई? बाबा ठीक आहे ना?"

"बाबांना काय धाड भरलीय? तूच बोलावलंस ना, गाण्यातून."

मी ती हाक गाऊन दाखवली, अगदी हात पसरून. आतून तिच्या मैत्रिणी डोकावून बघायला लागल्या. सई पोट धरून हसत सुटली.

"आई, ती हाफ जॅपनीज आहे. दोन्ही भाषेत गाते. जॅपनीजमध्ये 'आइ' म्हणजे लव्ह. तिचा बॉयफ्रेंड गेलाय सोडून."

"मग सीडी मला कशाला पाठवलीस?"

"ऑनलाइन मागवली, तर चुकून दोन आल्या."

पोळ्या मैत्रिणींनी फस्त केल्या. संध्याकाळी स्टेशनवर सईनं घट्ट मिठी मारली, म्हणाली, "नेक्स्ट टाइम फोन करून ये हं."

ट्रेन सुटली आणि नवऱ्याचा फोन आला. "कशी आहे पोर?"

"मजेत. कुणावाचून काही अडत नाही तिचं," मी म्हणाले आणि मला हुंदकाच फुटला.

शेजारच्या स्कॉटिश आजीबाईंनी टिश्यू पुढे केला. "बॅड न्यूज, डिअर?"

"हो," मी नाक पुसत म्हटलं, "मुलगी सुखात आहे."