हार सांगायला आलेला माणूस

आम्हा माळ्यांत एक रीत होती. ज्याच्या गळ्यात हार पडायचा, त्याच्याच मळ्यातली फुलं त्या हारात ओवायची नाहीत. माझ्या लग्नात अमरावतीला आमचा झेंडू नुसता डोलत होता, तरी हार आले ते चांदूर बाजाराहून, मावशीच्या मळ्यातून. वऱ्हाडी हसले, पण रीत म्हणजे रीत. साऱ्या गावाला ती ठाऊक होती.

बाबा तरुणपणी आट्यापाट्या खेळायचा. मैदानावर आडव्या पाट्या आखतात आणि त्या साऱ्यांना कापत मधून एक उभी जाते, ती सूरपाटी. आडव्या पाटीवरचा गडी आपल्या रेघेपुरता धावतो, सूरपाटीवरच्याला मात्र सगळ्यांची पाठ राखावी लागते. बाबा सूरपाटीवर असायचा, म्हणजे सूर धरायचा. अकोल्याच्या गड्यांना त्यानं एकदा कसं कोंडून ठेवलं, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढं अकोल्यालाच दिल्यावर सासरी माझीच पंचाईत व्हायची.

मग एका वर्षी तालमीच्या पंचांनी ठरवलं, जुन्या गड्यांतले मोजके निवडायचे, त्यांचा सत्कार करायचा आणि फोटो तालमीच्या दिवाणखान्यात लावायचे. नागपूरहून कोणी बडे साहेब येणार होते. सुचवलेल्या नावांत बाबाचं नाव होतं. झालं! म्हाताऱ्याचे पाय जमिनीवर ठरेनात. फोटो काढायला थेट माझ्याकडं अकोल्याला आला. जुन्या शहरात फोटोवाल्यापुढं माझ्या सासऱ्यांचा कोट घालून असा ताठ बसला, की तो बिचारा म्हणाला, बाबाजी, श्वास तर घ्या. मी पदर तोंडाला लावून हसले.

सत्कारासाठी मी माहेरी आले. आदल्या दिवशी सकाळी तालमीचा शिपाई बांधावरून येताना दिसला. बाबानं वाफ्याचं पाणी तसंच वाहतं सोडलं, धोतराला हात पुसले आणि मायला गूळ आणायला सांगितलं. शिपाई टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, उद्यासाठी झेंडूचे हार पाहिजेत.

बाबाची निवड झाली असती, तर हार आमच्याकडं सांगितलेच नसते. माय गुळाची वाटी घेऊन दारातच थांबली.

बाबानं एवढंच विचारलं, "किती?"

"तीन."

बरं, म्हणाला बाबा.

शिपायाची पाठ वळताच मी तोंड सोडलं. पंचांच्या सात पिढ्या उद्धरल्या. नव्या पंचांना बाबा माहीत होता तो फुलवाला म्हणून, कुठली सूरपाटी अन् कुठलं काय! म्हटलं, एक पाकळी द्यायची नाही, जाऊ दे मेल्यांना बाजारात. बाबानं सगळं ऐकून घेतलं आणि टोपली उचलली.

"माह्यासंगं पाटीवर उभे होते ते तिघं. त्यायले दुसऱ्याच्या मळ्यातला हार काहून घालू?"

दुपारभर तो ओवत बसला. भरगच्च हार, मधे गुलाब. मी शेजारी देठ खुडत होते आणि रडत होते.

दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गेला आणि दिवेलागणीला रिकामी घेऊन आला. पाय धुतले, ओसरीवर बसला. तिथं काय झालं ते मायनं विचारलं नाही, मलाही विचारू दिलं नाही. मग तोच तिला म्हणाला,

"मी सूर धरत होतो ना वं? का मलेच उगा तसं वाटून राहिलं?"

"हाव. धरत होते तुमी," माय म्हणाली. "म्या पाह्यलं नं."

आमच्यात बायका खेळ बघायला जात नसत. मायनं जन्मात मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं आणि बाबाला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं मान हलवली, अन् जेवायला वाढ म्हणाला.