तंबूतल्या चार गाद्या

भावजयीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. त्याला नवीन रुईची गादी जुन्या कापसाच्या भावात हवी होती. फोनवर तिचं नाव दिसलं आणि मी त्याला म्हणाले, जा, आज मला विकायचीच नाही. तिचा फोन तीन वर्षांत पहिल्यांदा आला होता.

"ताई, मुलांना तंबूत झोपायचंय," ती म्हणाली. "यांनी तंबू मागवलाय. टेंभुर्णीच्या आपल्या शेतात लावू म्हणतात, शनिवारी. पण खाली काय टाकायचं ते कळेना. धाकट्याला लगेच सर्दी होते. म्हटलं, झोपण्याचं तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

"त्यानं करायला लावला का फोन?"

ती जरा थांबली. "नाही. मीच केला."

जालन्यात माझं गाद्यांचं दुकान आहे. नवऱ्याशी दोन वर्षांत तुटलं आणि मी माहेरी परत आले, तेव्हा वडील नुकतेच गेले होते आणि भाऊ अकरा वर्षांचा होता. मी दुसऱ्याच्या दुकानात गाद्यांच्या खोळी शिवायला बसले. पुढे कापूस पिंजायला शिकले, मशीन घेतलं, ज्याच्याकडे शिवत होते त्याच्यासमोरच गाळा घेतला. भाऊ इंजिनियर झाला. छत्रपती संभाजीनगरात त्याने घर बांधलं, आणि त्या घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रण मला फोनवर आलं. कार्डाचा फोटो, खाली दोन हात जोडलेले.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बोलवायला भाऊ-भावजय जोडीने येतात. कुंकू लावतात, हातावर अक्षता देतात. मग बहीण आधी नको म्हणते, कामं आहेत म्हणते, भाऊ दोनदा-तीनदा म्हणतो आणि मग ती निघते. हे मी नवीन काढलेलं नाही. त्या दिवशी मी सकाळपासून नवी साडी नेसून दुकानाच्या वरच्या खोलीत बसले होते, की भाऊ गाडी पाठवेल. दुपारी साडी बदलली आणि खाली येऊन शटर उघडलं. का आली नाहीस, हे विचारायलाही तो आला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

तर शनिवारी मी शेतात जायचं ठरवलं ते पोरांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. खरं हवं होतं ते एवढंच, की भावाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, आक्का, थांब.

भावजयीला मी उलटे प्रश्न विचारले. तंबू लांबी-रुंदीला किती? झोपेत लाथा कोण मारतं? धाकटा पांघरूण फेकतो का? धाकट्याची रोजची चादर आणायला सांगितली, आणि धुऊन आणू नको म्हणाले. साडेतीन वर्षांचं पोर घराच्या वासावर झोपतं. पाहुण्याला देतात तशी कोरी चादर दिली की ते रात्रभर टक्क जागं. मग मी त्या मापाच्या चार गाद्या भरल्या, पातळ, पण टाके जवळजवळ घातलेल्या, म्हणजे कापूस एका बाजूला सरकायला नको. रिक्षात त्या गाद्या, ताडपत्री, दोन जुन्या साड्या आणि संडासाचं एक प्लास्टिकचं खुर्चीवजा भांडं घेऊन दुपारी तीनला शेतात पोचले. रिक्षावाल्याला गावात चौकात चहा पीत थांबायला सांगितलं.

भावाने तंबू शेततळ्याच्या काठाला लावला होता. मला बघून म्हणाला, "आलीस?"

मी म्हणाले, "इथं कामून लावला?"

"सकाळी पोरांना पाणी दिसेल."

"पाणी दिसेल. आन् पोरगं उठून तळ्याच्या प्लास्टिकवर पाय घसरून आत गेलं तर? त्या प्लास्टिकवरनं मोठ्या माणसाला वर येता येत न्हाई. इंजिनियर झालास, एवढं कळंना?"

"आक्का, मी इथंच हाय ना रात्रभर."

"तू घोरतो. तुला मी ओळखते. ढोल वाजवला तरी उठत न्हाईस."

भावाची मुलगी हसली. ती सात वर्षांची, सगळं समजणारी. भावाचा चेहरा उतरला. मला ते दिसलं आणि तरी मी थांबले नाही. दव खालच्या अंगाला उतरतं, वारा कुठून येतो, सगळं सांगितलं. शेवटी त्याने मुकाट्याने खुंट्या उपटल्या आणि वर, तुरीच्या पलीकडे, सपाट जागेवर तंबू नेला. सौदा मी जिंकले. बोलण्यात मी हरत नाही.

मग कामाला लागले. लोक वरून पांघरुणं वाढवत बसतात. थंडी वरून येत नाही, खालून येते. आधी खडे वेचले, मुलीला त्या कामाला लावलं, मोठा खडा सापडला की ती ओरडून दाखवायची. शेजारच्या गंजीतून कडब्याच्या पेंढ्या आणून सोडल्या, सारख्या पसरल्या, वर ताडपत्री, त्यावर तंबू आणि आत गाद्या. डोकी चढाच्या बाजूला. धाकटा मधे, आईच्या आणि बहिणीच्या, म्हणजे लोळत कापडाला चिकटायला नको. कापड पहाटे आतून ओलं होतं. म्हणून वरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायला सांगितली. तीन काठ्या रोवून साड्यांचा आडोसा केला, आत ते भांडं आणि बादली ठेवली. भावजयीने आत डोकावून पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले.

"ताई, खरं सांगू? मला सगळ्यात टेन्शन याचंच होतं."

"मला म्हायती हाय. बाप लोकांना ते सुचत न्हाई."

धाकटा टोपी घालायला तयार नव्हता. त्याच्याशी मी घासाघीस केली.

"टोपी घातली तर एक गोष्ट," मी म्हणाले.

"दहा."

"दोन. आन् कान झाकायचे."

"दहा."

"तीन. शेवटचं सांगते. परवडलं तर घे."

त्याने टोपी घातली आणि माझ्या मांडीवर येऊन बसला. तीन गोष्टींपैकी दोन मी तिथल्या तिथे दिल्या. त्याच्या अंगाला दुधाचा आणि मातीचा वास येत होता. तीन वर्षांपूर्वी तो पाळण्यात होता, त्याला मी कोण हे मघाशीच कळलं होतं.

सूर्य खाली गेला तसा गारवा पायाला लागायला लागला. भावजय चुलीवर भात करत होती. मुलगी चारही गाद्यांवरून लोळून आली आणि तिने विचारलं, "आत्या, तू कुठं झोपणार?"

मी भावाकडे पाहिलं. तो तंबूची दोरी ताणत होता, ती मघाशीच पुरेशी ताणलेली होती.

धंद्यात मी एक गोष्ट शिकले आहे. माल हवा असेल तर तो हवा आहे असं दाखवायचं नाही. राहू द्या म्हणायचं आणि पायरी उतरायची. जिनिंगवाले असोत की कापडवाले, पाचव्या-सहाव्या पावलाला मागून हाक येतेच. आयुष्यभर मला ती आली आहे. तिच्यावर मी दुकान उभं केलं आहे.

मी पदर झटकला. "मी कशाला झोपते इथं? उद्या लग्नाची आर्डर द्यायची हाय. चला, निघते."

"लगेच?" भावजय म्हणाली आणि तिनेही भावाकडे पाहिलं.

"रिक्षा थांबलीय."

धाकटा म्हणाला, "एक गोष्ट राह्यली."

"उधार," मी म्हणाले.

मी बांधावरून निघाले. मुद्दाम सावकाश चालले. एका ठिकाणी वाकून चपलेतला खडा काढला, जो नव्हता. मागून भावाचा आवाज आला.

"आक्का."

मी वळले.

"अंधाराच्या आत पोच. पोचल्यावर फोन कर."

"करते," मी म्हणाले.

जालन्यात आले, भाकरी टाकायचा कंटाळा आला म्हणून दूध पिऊन पडले. दुकानात खाली साठ-सत्तर गाद्या रचलेल्या होत्या. पोचले असा फोन काही मी केला नाही. करायचा तर त्याने करावा, असं वाटलं. त्यानेही केला नाही.

सकाळी भावजयीचा आला. पोरं आठपर्यंत हलली नाहीत, ती म्हणाली. सर्दी नाही, काही नाही. मग आवाज खाली करून म्हणाली, "ताई, थांबला असतात तर बरं झालं असतं. मी यांना रात्री म्हटलं, तुम्ही एकदा थांब म्हणायचं होतं. हे म्हणाले, वास्तूला बोलावलं तर आली नाही. आताही कामं आहेत म्हणते. बळजबरी कशाला करायची? तिला आपल्यात नसेल करमत."

मी जे तीन वर्षं त्याच्याबद्दल म्हणत होते, ते तो माझ्याबद्दल म्हणत होता, आणि दोघंही आपापल्या जागी हाकेची वाट बघत बसलो होतो. तरीही मला आधी रागच आला. फोनवर कार्डाचा फोटो पाठवणं म्हणजे बोलावणं झालं का?

दुपारी एका टेम्पोतून गाद्या परत आल्या. मी पाठवा म्हणाले नव्हते. नीट घड्या घालून सुतळीने बांधल्या होत्या. मधली उलगडली तर तिच्यावर ताटाएवढा ओला डाग. गिऱ्हाइकाची असती तर मी चार गोष्टी ऐकवल्या असत्या.

मी भावाला फोन लावला. मनात वाक्य तयार होतं. पुढच्या शनिवारी परत लाव तंबू, मी येते, राह्यला येते. एवढंच म्हणायचं होतं.

"बोल आक्का," तो म्हणाला.

"गादी वली झालीय एक."

तो म्हणाला, "लहान हाय तो. खोळ पाठवून दे, धुऊन देतो."

"मी काय धुवायला सांगून राह्यले का?"

"मंग कशाला फोन केलास?"

त्याने ते रागाने विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मला वाटतं, त्या वेळी मी काहीही म्हणाले असते तरी त्याने ऐकलं असतं.

"बिलाचं गिऱ्हाईक आलंय," मी म्हणाले. "ठेवते."

दुकानात कोणीच नव्हतं. मी गादी उचलून गच्चीवर नेली आणि उन्हात टाकली. खोळ उसवली, कापूस हाताने मोकळा केला. ऊन चांगलं होतं, तासाभरात वाळली असती, पण मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.